फुटलेला नारळ जिंकणारीचा

दोन बायका भर समुद्रकिनारी खाण्याच्या वस्तूने एकमेकींशी लढतायत, अंगावर शिंतोडे उडतायत आणि गाव कडेने उभं राहून ओरडतंय, असं कुणी सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्पेनमधली टोमॅटोची लढाई येते. पण अशी लढाई आपल्या मालवणच्या बंदरावरही होते. श्रावणी पौर्णिमेच्या दिवशी दर्याला नारळ अर्पण झाला की नारळाने नारळ फोडायच्या लढती लागतात. अलीकडच्या वर्षांत त्यात बायकांची स्वतंत्र स्पर्धा भरू लागली आहे आणि ती बघायला बंदरावर उभं राहायला जागा उरत नाही.

घाटावरून मालवणला जाणाऱ्या माणसाला तळेरे चांगलं ठाऊक असतं. कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून, वैभववाडी मागे टाकून आलेला रस्ता तळेऱ्याच्या तिठ्यावर मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो. तिथून एक वाट विजयदुर्गाकडे जाते; महामार्गानेच दक्षिणेला निघालं की कणकवली, कसाल आणि मग मालवण. तळेऱ्याला समुद्र नाही, पण समुद्राचा सण आहे. नारळी पौर्णिमेला इथल्याही घरात नारळीभात शिजतो, बहिणी राख्या बांधतात आणि दुपार कलली की ज्याला जमेल तो किनाऱ्याकडे निघतो.

मालवणातल्या सणाचा पहिला मान किल्ल्याचा. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली 25 नोव्हेंबर 1664 रोजी. त्या आधी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याची पूजा झाली होती. तो धोंडा आजही दाखवला जातो. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरचा मानाचा नारळ दर्याला अर्पण होतो आणि ही रीत शिवकाळापासून चालत आल्याचं मालवणी माणूस अभिमानाने सांगतो. मग शहरातल्या व्यापाऱ्यांची मिरवणूक वाजतगाजत बंदरावर येते, त्यांचा नारळ जातो, आणि त्यामागून घराघरांतले नारळ. पावसाळाभर खवळलेला समुद्र आता निवू दे, होड्या सुखरूप येऊ देत, एवढंच मागणं असतं. सरकारी हिशोबात मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै अशी धरली गेली आहे, पण पारंपरिक मच्छीमारांच्या अनेक घरांत दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत.

पौर्णिमेचं पाणी म्हणजे उधाणाचं पाणी. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास टिपेला पोचते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी पार मागे हटलेलं असतं. म्हणजे गर्दी जमते तेव्हा ओली, घट्ट, पायाखाली न सरकणारी वाळू उघडी पडलेली असते. नारळ लढवायला पाय रोवून उभं राहावं लागतं, त्याला याहून बरं मैदान नाही.

खेळ समजायला क्षणभर पुरतो. दोघींच्या हातात एकेक सोललेला नारळ. एकीने आपला नारळ मुठीत घट्ट धरून पुढे करायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा. मग पाळी बदलते. जिची करवंटी तडकली ती हरली, आणि फुटलेला नारळ जिंकणारीचा. पूर्वी याच हिशोबावर पोरं सकाळी दोन नारळ घेऊन घराबाहेर पडत आणि तिन्हीसांजेला पिशवी भरून आणत. ज्यांचे दोन्ही फुटत त्यांना आईची बोलणी खावी लागत. अलिबाग, मुरुड, रेवदंड्याकडे याच खेळाला नारळफोडी म्हणतात. तिकडे तर चिवट नारळ हेरून ठेवणारे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणारे शौकीन आहेत.

जवळून बघितलं तर घाव घालण्यापेक्षा नारळ धरणं अवघड. धरणारी पदर कमरेला खोचते, बांगड्या कोपराकडे सारते, नारळ तळव्यात बसवून बोटं त्याच्याभोवती अशी आवळते की वर जेमतेम रुपयाएवढी जागा उघडी राहावी. मारणारी आपला नारळ दोनतीनदा हातात फिरवून बघते, त्याचं टोक नेमकं त्या उघड्या जागेवर यायला हवं म्हणून. मागून आरोळ्या चालूच असतात: ‘वैनी, घट्ट धर गो!’, ‘मार, मार!’ पहिल्या घावाला नुसता खट्ट असा कोरडा आवाज. दुसऱ्याला तोच. तिसऱ्याला आवाज बदलतो, बसका होतो आणि कान तयार असलेल्यांना काही दिसायच्या आधीच कळतं. ‘फुटलो!’ धरणारीच्या बोटांमधून पाणी निथळतं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ जातो, साडीवर पडतो. करवंटीच्या चिपा वाळूत. वरून श्रावणातली सर आली तर नारळाचं पाणी कुठलं आणि पावसाचं कुठलं हे कुणी बघत नाही. पुढची जोडी तयारच असते.

यात ताकदीचा भाग आहे, पण तो वाटतो तेवढा नाही. नारळ नारळावर आदळतो तेव्हा दोन्ही नारळांना सारखाच मार बसतो. मारणारीच्या नारळाला तेवढंच सोसावं लागतं जेवढं धरणारीच्या. म्हणून घाव घालणारीचाच नारळ फुटला, असंही पुष्कळदा होतं. प्रश्न कुठल्या जागी लागलं याचा. करवंटीचं टोक जास्त वळलेलं असतं, आणि वळण जितकं तीव्र तितकी ती दाबाला पुरून उरते. कुशीचा भाग त्या मानाने सपाट, तो आत दबतो आणि तडकतो. घरात नारळ फोडणारी बाई हे शाळेत न शिकताही जाणते: नारळ हातात फिरवत कोयत्याचा मागचा भाग बरोबर मधल्या रेषेवर हाणते आणि दोन सारख्या वाट्या करते. लढतीत तीच माहिती उलटी वापरायची. आपली मधली रेष लपवायची, समोरचीची शोधायची.

नारळाची निवड ही अर्धी लढाई. फुलोरा धरल्यापासून नारळ पक्का व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. त्याआधी उतरवलेल्या नारळाची करवंटी कोवळी राहते. लढणाऱ्या बायका नारळ कानाशी धरून हलवतात, बोटाच्या पेराने वाजवून बघतात, तीन डोळ्यांपासून निघालेल्या शिरा किती ठसठशीत आहेत हे अंगठ्याने चाचपतात. मोठा नारळ दिसायला दांडगा, पण त्याची कुशी रुंद. म्हणून जाणत्या बायका आकाराने लहान, जून आणि हाताला जड लागणारा नारळ उचलतात. कोकणात बहुतेक बागांतून उंच वाढणारा बाणवली नारळ आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे आणि तिथूनच ‘प्रताप’ ही जात आली. संशोधकांचं लक्ष नारळाची संख्या, खोबरं आणि तेल यांवर असतं. कुठल्या झाडाची करवंटी लढतीत टिकते ही माहिती मात्र घरच्या बागेत वर्षानुवर्षं वावरलेल्या बायकांकडे असते. अमक्या माडाचा नारळ फुटत नाही, तो राखून ठेवा, असं सासू सुनेला सांगते.

मग हा खेळ इतकी वर्षं पुरुषांचा आणि पोरांचा का राहिला, हा प्रश्न विचारायला हवा. नारळ सोलला, फोडला, खवला, वाटला तो बायकांनी. कोकणी स्वयंपाकघरात वाटपाशिवाय कालवण नाही, आणि वाटप म्हणजे रोज नारळ फोडणं. ज्या हातांना नारळाची नाडी सगळ्यात जास्त कळते, ते हात सणाच्या संध्याकाळी चुलीपाशी आणि खेळणारे बंदरावर, अशी वाटणी होती.

बायका खेळत नव्हत्या असं नाही. श्रावण तर त्यांचाच महिना. मंगळागौर जागवताना फुगडी, झिम्मा, पिंगा चालतो, सूप हातात धरून नाचतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात चवथीच्या दिवसांत फुगड्यांनी घराच्या जमिनी हादरतात. लग्नात तर खाण्याच्या वस्तूंचाच खेळ असे: नवरानवरीने एकमेकांच्या दातांत धरलेला विडा तोडायचा, एकमेकांवर चुळा टाकायच्या, आणि दोन्हीकडच्या बायकांनी हळदीने एकमेकींची तोंडं माखून सोडायची. मजा होती, दांडगाई होती, कपडे खराब व्हायचे. पण हे सगळं माजघरात, मांडवात, आपल्या माणसांत. भर बंदरावर, परक्या नजरांसमोर, जिंकायचंच म्हणून उतरणं त्यात नव्हतं.

बाहेरचे खाण्याचे उत्सव पुरुषांकडे होते. सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो आणि पहाटे दहीहंडी फोडून दहीकाला होतो. म्हणून त्या नाटकालाच इकडे दहीकालो म्हणतात. त्यात बाईची भूमिकाही पुरुषच करतो. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. ही देवता मूळची चोडणची. पोर्तुगीज अमलात तिथून मये आणि पुढे माशेलला आली. चिखलकाल्यात अंगाला तेल चोपडलेले पुरुष आणि मुलं पावसाने भिजलेल्या मैदानात लोळतात, बाळकृष्णाचे खेळ खेळतात आणि त्यांच्यावर खाण्याच्या जिनसांचा प्रसाद उधळला जातो. पाहणाऱ्याचं मन भरून येईल असा तो सोहळा आहे. बायका मात्र परंपरेने तिथे कडेला उभ्या राहून पाहतात. मुंबईत महिला गोविंदा पथकांनी थरावर थर लावायला सुरुवात केली तेव्हा नाकं मुरडणारे होतेच, आज त्यांच्या हंडीपुढे गर्दी असते. मालवणच्या बंदरावरची बाई त्याच वाटेवर आहे.

आणि ती एकटी नाही. इटलीच्या उत्तरेला तुरिनजवळ इव्रेआ नावाचं गाव आहे. तिथे दर वर्षी कार्निव्हलचे शेवटचे तीन दिवस संत्र्यांची लढाई होते. जुलमी सरदाराला ठार मारणाऱ्या गिरणीवाल्याच्या मुलीची, व्हियोलेताची, आठवण म्हणून तिच्या वेशातली बाई या उत्सवात सर्वांत मानाची. संत्री फेकायची सुरुवातही तिथे मुलींनीच केली असं सांगतात. सज्जात उभं राहून खालच्या गाडीतल्या आवडत्या मुलाचं लक्ष वेधायला त्या संत्री भिरकावत. आज तिथे पायी लढणाऱ्या नऊ टोळ्यांतून बायका आणि पुरुष बरोबरीने लढतात, डोळे काळेनिळे करून घेतात. ज्याला मार नको त्याने डोक्यावर लाल टोपी घालायची. ती दिसली की त्याच्यावर कुणी नेम धरत नाही.

स्पेनमधल्या बुन्योलची टोमॅटोची लढाई जास्त प्रसिद्ध. 1945 मध्ये गावातल्या पोरांच्या भांडणातून ती सुरू झाली. पुढे अधिकाऱ्यांनी बंदी घातली, तेव्हा 1957 मध्ये लोकांनी टोमॅटोची प्रेतयात्रा काढली, रडण्याचं सोंग आणत शवपेटी मिरवली आणि उत्सव परत मिळवला. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी तासभर चालणारी ही लढाई आता तिकीट लावून होते आणि 2013 पासून माणसांची संख्याही ठरलेली असते. टोमॅटो फेकण्याआधी हातात चिरडायचा, हा तिथला नियम. समोरच्याला इजा नको म्हणून.

2011 मध्ये झोया अख्तरच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटात हे दृश्य आलं आणि आपल्याकडच्या शहरांत तसेच कार्यक्रम करायची टूम निघाली. बंगळूर आणि म्हैसूरला तयारी झाली. लोकांनी विरोध केला, आणि त्या वेळचे मुख्यमंत्री सदानंद गौडा यांनी पोलिसांना परवानगी न देण्याचे आदेश दिले. विरोधाचं कारण साधं होतं: जिथे टोमॅटो पिकवणाऱ्याला भाव मिळत नाही आणि कुणाच्या ताटात भाजी नसते, तिथे तो रस्त्यावर तुडवायचा कसा? हा आक्षेप खरा आहे. ताटात उष्टं टाकू नये असं लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला अन्न पायदळी पाहून पोटात कालवतं, आणि तसं कालवायलाच हवं.

मालवणची लढत इथेच वेगळी. खाण्याच्या वस्तूने लढूनही अन्न वाया जात नाही, अशी रचना तिच्या नियमातच आहे. फुटलेला नारळ जिंकणारीच्या पिशवीत पडतो. पाणी थोडं सांडतं, तेही प्यायला पोरं टपलेली असतातच. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच वाट्या खवणीवर चढतात. त्याचा गूळ घालून नारळीभात होतो, करंज्यांचं सारण होतं, वड्या थापल्या जातात. रस काढून शिरवाळ्यांबरोबर किंवा खापरोळीबरोबर वाढला जातो, उरलेल्याची सोलकढी. करवंटी चुलीत जाते, नाहीतर तिची डोवली होते. जास्तच नारळ जिंकले तर शेजारी वाटतात, खोबरं वाळवून तेलाला ठेवतात. मनसोक्त दांडगाई करायची आणि तरी अन्नाचा मान राखायचा, हे दोन्ही एका खेळात साधलं आहे आणि ते ज्यांनी बसवलं त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

या स्पर्धांना आता मोठी बक्षिसं लागतात. सोन्याचांदीचे दागिने, पैठण्या. मंच, ध्वनिक्षेपक, पुढाऱ्यांची भाषणं. बायका घराबाहेर पडतात, त्यांचं नाव माइकवर पुकारलं जातं, चारचौघांत त्यांचा सत्कार होतो, हे चांगलंच. वयस्क आजी आणि नुकतं लग्न झालेली सून एकाच रांगेत उभ्या राहतात, कोळीवाड्यातली बाई आणि बँकेतली बाई समोरासमोर येतात, हे तर फारच चांगलं. पण भाषणं लांबली की अंधार पडतो आणि शेवटच्या लढती घाईत उरकल्या जातात. बक्षीस जितकं मोठं तितका वादही मोठा: तडा होता की नव्हता, आधीच चिरलेला नारळ दिला का. अशा वेळी जाणती बाई पंच असावी. तडा आणि ओरखडा यांतला फरक तिला नखाने कळतो. मनगट आणि बोटं सांभाळणं हीसुद्धा आयोजकांची जबाबदारी आहे. घाव चुकला तर बोट ठेचतं, आणि उद्या सकाळी त्याच बोटांनी मासळी कापायची असते.

समुद्र नसलेल्या गावांनाही हा खेळ परका नाही. तळेरे, कणकवली, वैभववाडी या पट्ट्यात माड आहेत, महिला बचत गट आहेत, शाळांची मैदानं आहेत. श्रावणात किनाऱ्यावर जाणं प्रत्येकीला जमत नाही. गाडी चुकते, घरात आजारी माणूस असतो, शेतात बेणणी राहिलेली असते. गावातच एका दुपारी लढत लावायला पोतंभर नारळ आणि दोन पंच पुरतात. नारळ आठवडाभर आधी एकाच बागेतले, एकाच वेळी उतरवलेले घ्यावेत म्हणजे कुणाला झुकतं माप मिळत नाही. प्रत्येकीने स्वतः वाजवून निवडावा. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या आधी काढून ठेवाव्यात, आणि पहिली पाळी कुणाची हे नाणं उडवून ठरवावं, कारण पहिला घाव घालणारीला थोडा फायदा असतो असं खेळणाऱ्या बहुतेक जणी सांगतात.